सहा इंचांची अट आणि चांदी बकरी

आधीच सांगून टाकते, हे सगळं मी रागात लिहितेय. परत येऊन तीन आठवडे झाले तरी पारा उतरलेला नाही. चामोर्शीकडे जायचा कुणाचा बेत असेल तर जरूर जा. रस्ता बराचसा चांगला आहे, जेवण झक्कास आहे, माणसं तर विचारूच नका. फक्त माझ्यासारखं स्वतःला फार शहाणं समजून जाऊ नका.

मी नागपूरची. घरात एक चरखा आणि दोन माग आहेत. शाली, मफलर विणते आणि विकते, शिवाय हातकताई शिकायला आठ-दहा बायका येतात. धाग्याच्या बाबतीत मी महाखडूस आहे हे त्या कुणीही सांगतील. मागच्या दिवाळीनंतर मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. गडचिरोलीच्या जंगलालगतचं एक गाव, लहान चणीच्या पांढऱ्याशुभ्र बकऱ्या, अंगभर लांब कुरळे केस, मशीननं ते केस कातरणारे एक साहेब आणि बाजूला नव्या साड्या नेसून हसणाऱ्या बाया. या केसांना मोहेर म्हणतात. त्याला अशी चमक असते की एकदा हातात घेतलं की सोडवत नाही. पण हे जनावर थंड, कोरड्या डोंगराळ मुलखातलं. गडचिरोलीच्या उन्हात आणि चार महिन्यांच्या पावसात ते कसं टिकतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. आपल्याच विदर्भातलं मोहेर मिळणार म्हणून मी नाचायचीच बाकी होते.

लगेच त्या साहेबांना फोन केला. त्यांची एक संस्था आहे, नाव लिहीत नाही, फुकट जाहिरात कशाला? त्यांनी नमुना पाठवला. चार इंची, आखूड. माझं नाक मुरडलं गेलं. हातानं कातायला मला लांब केस लागतात. मी त्यांना मोबाइलवर बोलून एक निरोप पाठवला आणि आपल्या कामाला लागले. हा निरोप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मार्च संपत आला तेव्हा म्हटलं, आपणच जाऊन बघावं. माझा नवरा दिलीप गाडी चालवायला एका पायावर तयार असतो. "माल घ्यायला चाललीस की तपासणीला?" एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं, दोन्ही.

पहाटे साडेपाचला निघालो. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, असा सरळ रस्ता. उमरेडच्या पुढे ट्रक कमी होतात आणि गाडी पळते. नागभीडला थांबून रस्सा घातलेला आलूबोंडा खाल्ला. दोघांचे चहासकट साठ रुपये झाले आणि रस्सा असा की दिलीपच्या टकलावर घाम आला. ब्रह्मपुरी सोडली की वैनगंगेचा पूल लागतो आणि पुलाच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा. नंतर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहाची झाडं, खाली टोपल्या घेऊन फुलं वेचणाऱ्या बाया आणि गाडीच्या काचा उघडल्या की तो गोडसर, आंबूस वास. मी चार वेळा गाडी थांबवायला लावली. तोवर माझा मूड एकदम छान होता, हे नोंदवून ठेवते.

चामोर्शीला पोचलो तेव्हा ऊन चटकायला लागलं होतं. बसस्टँडजवळ साधं लॉज आहे, पंख्याची खोली सातशेला, कूलर हवा तर शंभर जास्त. कूलर घ्या, कंजूषपणा करू नका. सामान टाकलं आणि घोट गावाच्या रस्त्याला लागलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. फाट्यावरच्या पानठेल्यावर दिलीपनं विचारलं, "भाऊ, लोकरीच्या बकऱ्या कुठं आहेत?"

पानवाल्यानं आधी गाडीची पाटी पाहिली, मग आम्हाला. "ते कंबलवाल्या बकऱ्या का? जा ना सिधे, नाल्यापल्याड. पन लवकर जा, मरून राह्यल्या त्या."

मला त्याचा रागच आला. म्हटलं, चांगलं काही होत असेल तर नावं ठेवणारे आधी हजर. अशी मी.

नाल्यापलीकडे पहिलंच घर सुमनबाईचं. बायांच्या बचत गटाची ती अध्यक्ष. कौलारू घर, दारावर पंचशीलाचा झेंडा, अंगण शेणानं सारवलेलं. चाळिशीची काटक बाई, हातात ओलं पोतं. मी नाव सांगितलं, नागपूरहून आलो म्हटलं, तर तिचा चेहरा एकदम खुलला.

"बाप्पा! लोकरवाल्या मॅडम म्हंजे तुमीच का? जयभीम जी, बसा ना. अजून पाच इंचच हाये, मॅडम. दर इतवारी मोजते मी."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग गोठ्याकडे नजर गेली. कुडाच्या भिंतीवर कोळशानं ओळीनं रेघा ओढल्या होत्या, एकाखाली एक. बाजूला खिळ्याला शाळेतली प्लास्टिकची फूटपट्टी टांगलेली. आणि खाली चांदी.

व्हिडिओतली ती पांढरीशुभ्र बकरी हीच, हे मला कुणी सांगितलं नसतं तर पटलं नसतं. तोंड उघडं, जीभ बाहेर, बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. केसांचा नुसता गठ्ठा झालेला, मातकट, ओला. मी हात घातला आणि ओरडून मागे घेतला. आत कुसळं भरली होती. रानातल्या गवताची ती टोकदार कुसळं, आपल्या साडीच्या काठाला लागतात ती. केसांतून आत जाऊन कातडीत रुतली होती. दोन ठिकाणी पू झाला होता. आणि पोट फुगलेलं.

"पोटुशी हाये," सुमनबाई तिच्या अंगावर ओलं पोतं टाकत म्हणाली. "दोन देल्ल्या होत्या मले. रूपा गेली दहा दिवसाआधी. उन्हानं धापून धापून गेली. आता हे एकच."

मी विचारलं, तुमच्या गावठी बकऱ्या कुठायत? तर म्हणाली, विकल्या. आठच्या आठ. साहेबांनी सांगितलं होतं, गावठी जनावर घरात असलं की जात बिघडते. म्हणून गटातल्या सहाही बायांनी आपापल्या बकऱ्या विकून टाकल्या. तिच्या आठ बकऱ्या म्हणजे मुलीची शाळा, दवाखाना, अडीअडचण सगळं. ते सगळं आता या धापा टाकणाऱ्या एका जनावराच्या पोटात होतं. बारा बकऱ्या आल्या होत्या, सात उरल्यात. साहेबांनी दिलेला बोकड तर श्रावणातच पावसानं खोकून मेला. हे ती सांगत असताना कुंपणाला एक काळा दांडगा बोकड येऊन अंग घासायला लागला, शेजाऱ्याचा असावा. सुमनबाईनं काठी उगारली. "हट! याले जवर येऊ द्याचं नाई म्हणून सांगतलं सायबानं."

माझं डोकं फिरलं. खरंच फिरलं. म्हटलं, अहो, पण हे केस कापले का नाहीत? या उन्हात स्वेटर घालून बसवलंय तुम्ही तिला! तुम्हाला दिसत नाही का?

सुमनबाईनं माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. मग आत गेली, फोन घेऊन आली आणि एक बटण दाबलं. फोनमधून बाईचा आवाज आला.

"हे पाहा, सहा इंचांच्या खाली मला अर्धा इंचही चालणार नाही. त्या बायकांना नीट समजावून सांगा, उगाच कातर लावायची नाही म्हणावं. कापलेलं परत जोडता येत नाही. घाई केली तर मी माल घेणार नाही."

माझा आवाज. वर्गात बायकांना झापतानाचा माझा तो खणखणीत आवाज. दिलीपनं मान खाली घातली. मी पाठवलेला निरोप साहेबांनी तसाच्या तसा बायांच्या ग्रुपवर टाकला होता.

"आमी सगळ्या बायांनी आयकला," सुमनबाई म्हणाली. "मले तं पाठ हाये. रूपा पडली त्या दिवशी माह्या मालकानं घरची कातर काढली होती. मीच म्हणलं, नोको, मॅडम नाई म्हणते."

सांगू का, त्या क्षणी मी काय केलं? मी तिच्यावरच चिडले. खोटं कशाला लिहू. म्हटलं, मी नागपुरात बसून बोलले, तुमच्यासमोर जनावर होतं, तुम्ही अक्कल वापरायची!

आता तिची पाळी होती. "मले समजत नाई वाटते का तुमाले? बापाघरून बकऱ्या राखून राह्यली मी, इतकी होती तईपासून." तिनं कमरेपाशी हात नेला. "पन तुमी शिकलेल्या. सायेबही तेच म्हणे. मले वाटलं, या जातीचं काही येगळं असन, आपल्याले काय मालूम. आन् कागदावर अंगठे घेतले ना आमचे, परवानगी नसतानी केस कापले तं बकऱ्या वापस नेऊन घेन म्हणून."

"अंगठे? तुम्ही तर सही करता," मी म्हटलं, कारण भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांशेजारी तारखा सुबक अक्षरात लिहिल्या होत्या.

"सही येते जी मले. त्याईनं शाईचं पॅडच समोर केलं."

मी तिथंच अंगणात उभी राहून साहेबांना फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं, बकऱ्या मरताहेत, आत्ताच्या आत्ता कातरायला माणूस पाठवा. साहेब अगदी मधाळ. "मॅडम, नमस्कार! तुम्ही फील्डवर? अरे वा! फक्त एक इंच राहिलाय बघा. पुढच्या महिन्यात आपले पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासमोर कटिंगचा कार्यक्रम ठेवलाय. तेवढं थांबू."

"महिनाभरात एकही उरणार नाही."

"थोडीफार मरतूक तर धरावीच लागते, मॅडम. तुम्ही असं भावुक होऊ नका." आणि मग हळूच म्हणाला, "शिवाय सहा इंचांची अट तुमचीच आहे ना?"

मी फोन बंद केला. सुमनबाई माझ्याकडे पाहत होती, शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या होत्या आणि चांदी धापा टाकत होती.

नंतर मी म्हटलं, चला, आपणच कापू, मी माझी अट मागे घेते. पण सुमनबाई नाही म्हणाली, आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. कातडी कुसळांनी सुजलेली, बकरी पोटुशी, घरची शिवणाची कातर. कुठं कातडी फाटली तर तिथंच खेळ खलास. आणि जिवंत राहिली तर साहेब उचलून नेणार. कापलं तरी फास, नाही कापलं तरी फास. आम्ही बादल्या भरभरून पाणी आणून सातही बकऱ्यांची पोती भिजवली आणि दिवेलागणीला चामोर्शीला परतलो. खानावळीत भात, लाखोळीचं वरण आणि वांग्याची भाजी मिळाली, ताट ऐंशी रुपये. चव उत्तम असावी. दिलीप दोनदा भात घेत होता. मी मात्र घास चिवडत बसले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मार्कंड्याला गेलो. चामोर्शीपासून जवळच आहे. वैनगंगेच्या काठावर दगडी देवळं, भिंतीभर कोरलेल्या मूर्ती. महाशिवरात्रीची जत्रा होऊन गेली होती, त्यामुळे गर्दी नाही. देवळं बघायला सकाळीच जा, नंतर दगड तापतात आणि अनवाणी चालवत नाही. मी मात्र मूर्तींकडे धड पाहिलंही नाही. देवापुढे हात जोडले ते मागण्यासाठी नव्हे, भांडण्यासाठी. म्हटलं, आवाज दिलास तर अक्कलही त्याच मापात द्यायचीस.

मग नदीकडे गेले आणि वाळूत मेंढ्या दिसल्या. पन्नासेक काळ्या मेंढ्या, काही पाण्यात धुऊन काढलेल्या, काही वाळत उभ्या. तीन माणसं मांडी घालून कातरत होती. इथले कुरमार मेंढपाळ. मेंढ्या राखणारी, लोकरीच्या घोंगड्या विणणारी ही माणसं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याचा हात मी पाहतच राहिले. लोखंडी कातर, बोटभर जाड, पण मेंढीला जाणवतही नव्हतं. त्यांचं नाव मल्लाजी.

मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. अट माझी होती हेही सांगितलं. मल्लाजींना आधी वाटलं मी थट्टा करतेय.

"मेकाले लोकर?" मेका म्हणजे त्यांच्या बोलीत बकरी. ते दात नसलेलं हसू हसले. "बकरीले लोकर असते का जी बाई?"

दिलीपनं फोनवरचा फोटो दाखवला. म्हाताऱ्याचं हसू गेलं. फोटो जवळ धरून, लांब धरून पाहिला. "हे कोन्या पागलाचं काम हाये?"

मी म्हटलं, एक पागल गडचिरोलीत आहे, दुसरी ही समोर बसली आहे. तुम्ही चला, काय मजुरी होईल ती देते. तर ते म्हणाले, कातरणीचे पैसे आम्ही घेत नाही. त्यांच्यात तशी रीतच नाही. आज हा त्याच्या मेंढ्या कातरायला जातो, उद्या तो याच्या. ज्याच्या मेंढ्या त्याच्या घरी जेवायचं आणि कामाची फेड कामानं करायची.

"मी काय फेडणार? मला कातरता येत नाही."

"कातता येते म्हणता ना? आमच्या म्हातारीचे डोरे गेले, दिसत नाई तिले. लोकर पडून हाये." त्यांनी वाळूवरच्या काळ्या ढिगाकडे बोट दाखवलं. "एक पोतं कातून द्या."

राठ, काळी, दीड-दोन इंचांची मेंढीची लोकर. माझ्या वर्गात कुणी असली लोकर आणली असती तर मी दारातूनच परत पाठवली असती. मी म्हटलं, दिली. आणि ते पोतं तिथंच गाडीच्या डिकीत टाकलं.

मल्लाजी मागच्या सीटवर कातर फडक्यात गुंडाळून, मांडीवर धरून बसले. आम्ही गावात पोचलो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. गटातल्या सहाही बाया आपापली जनावरं घेऊन सुमनबाईच्या अंगणात जमल्या, पण कातर बाहेर निघाली तशा सगळ्या थोड्या मागे सरकल्या. कागदाची भीती. मी म्हटलं, थांबा. फोन काढला आणि सुमनबाईच्याच फोनवर ग्रुपसाठी नवा निरोप बोलले: मी नागपूरची लोकरवाली. सहा इंचांची अट माझी होती. जनावर न बघता, ऊन न बघता, मूर्खासारखी घातली होती. आजच्या आज केस कापा. कुणी जाब विचारला तर माझं नाव सांगा.

बोलून झाल्यावर मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. माझा एक आवाज बिघडवणार, दुसरा दुरुस्त करणार.

सुमनबाईनं फोन घेतला आणि बंद करून पदराला पुसला. "मॅडम, तुमच्या म्हणन्यावरून ठेवले होते केस," ती म्हणाली. "आता तुमच्या म्हणन्यावरून नाई कापत. चांदी माही हाये. मी म्हणते म्हणून कापून राह्यली." मग खिळ्यावरची फूटपट्टी काढली आणि दारात उभ्या असलेल्या मुलीच्या हातात दिली. "जा, टाक आपल्या कंपासात. लय दिवस झाले मास्तर विचारून राह्यले तुले."

मी चपापले. मला टोचलंही. पण बरं वाटलं, तेही खरं.

मल्लाजींनी चांदीला पाडलं नाही. पोटुशी बकरी आडवी करायची नाही म्हणाले. सुमनबाईनं डोकं आपल्या पोटाशी धरलं, दिलीपनं मागचे पाय, आणि मल्लाजी तिच्याशी त्यांच्या बोलीत पुटपुटत पोटाखालून सुरू झाले. केसांचा गठ्ठा सोलून निघावा तसा निघत गेला. मधेमधे थांबून ते बोटांनी कुसळं उपटत, सुमनबाई तिथं हळद-तेल लावी. सगळं अंग मोकळं केलं, पण पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत हाताएवढा पट्टा ठेवला. मी विचारलं, हे का? "पूरं काढलं तं ऊन पाठ भाजते," ते म्हणाले. साहेबांच्या मशीननं दिवाळीआधी सगळ्या सफाचट केल्या होत्या आणि रूपाची पाठ सोलवटली होती, हे तेव्हा बायांकडून कळलं. म्हणजे त्यांना हेही येत नव्हतं!

कातरताना मल्लाजींनी चांदीचं पोट चाचपलं. "कई मेला म्हणलं तो बोकड?"

"श्रावनात," सुमनबाई म्हणाली.

म्हातारा एका हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत राहिला. मग सुमनबाईकडे पाहिलं, मिशीत हसला आणि कामाला लागला. सुमनबाईनं लगबगीनं तेलाची वाटी उचलली. मला त्यातलं काही कळलं नाही. मी कुसळं उपटत होते.

सोडल्यावर चांदी पहिल्यांदा अडखळली, मग सगळं अंग झाडलं. पाठीवर पांढरा पट्टा, बाकी गुलाबी उघडी कातडी, असा तो अवतार! बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. चांदी सरळ बादलीकडे गेली आणि पाणी प्यायली. पीतच राहिली. मग सावलीत जाऊन बसली, तोंड मिटून. मी रडले. दिलीपनं रुमाल दिला, त्याला माहीत असतं.

सातही बकऱ्या व्हायला दुपार झाली. मग सुमनबाईच्या घरात पंगत. भात, झिंग्यांचा रस्सा, जवसाची चटणी. मल्लाजींनी तीनदा भात घेतला आणि हात धुता धुता म्हणाले, "फिटली कातरनी." एवढं चवदार जेवण मी कित्येक महिन्यांत जेवले नव्हते. जेवताना साहेबांचे सात फोन येऊन गेले. आठवा मी उचलला. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण मल्लाजींना मराठीतले दोन-तीन शब्द नव्यानं कळले असावेत.

मल्लाजींना मार्कंड्याला सोडलं, तिसऱ्या दिवशी सकाळी परतीला लागलो. येताना व्याहाड, सावली, मूल, सिंदेवाही असा रस्ता धरला. जंगलातून जातो, सुरेख आहे, फक्त अंधारात टाळा, जनावरं आडवी येतात. मूलला चहा घेतला. गाडीत मागे दोन पोती. एकात सुमनबाईनं बळेबळे दिलेलं सात बकऱ्यांचं मोहेर, दुसऱ्यात मल्लाजींची काळी लोकर.

घरी येऊन मोहेर धुतलं. तीन पाणी केली, चार केली. कुसळं निघाली, लेंड्या निघाल्या, रक्ताळलेली कातडीची सालं निघाली. कातण्याजोगं ओंजळभरसुद्धा उरलं नाही. त्या उन्हात, त्या रानात ते कधी उरणारच नव्हतं, सहा इंच झालं असतं तरी. एका ओंजळीसाठी, जी मला मिळणारच नव्हती, पाच बकऱ्या गेल्या. आणि हे मला घरबसल्या कळू शकलं असतं. कुठल्याही बकरीवाल्या बाईला एक फोन केला असता तरी कळलं असतं. पण मी साहेबाला केला.

आता संताप ऐका. परवा त्या संस्थेचा नवा व्हिडिओ आला. "उन्हाळी कातरणी यशस्वी! पारंपरिक कौशल्याची जोड!" चांदीच दिसते, पाठीवर पट्टा असलेली. कुणीतरी त्या दिवशी काढलेलं असणार. कातर धरलेला हात दिसतो, पण मल्लाजींचं डोकं कापलंय. म्हणजे बकऱ्या जप्त वगैरे काही होणार नाही, श्रेय मिळालं ना! खाली लोक अंगठे दाखवताहेत. मी सविस्तर लिहिलं काय घडलं ते. दहा मिनिटांत माझं लिहिलेलं पुसलं गेलं. म्हणून हा ब्लॉग. इथलं त्यांना पुसता येत नाही.

सध्या रोज सकाळी मल्लाजींची लोकर कातत बसते. राठ आहे, बोटं सोलतात, दर दोन मिनिटांनी धागा तुटतो. वर्गातल्या बायका टकामका बघतात. निम्मं पोतं झालंय. पूर्ण करून पोचवायचंच आहे, त्याशिवाय मला त्या रस्त्यानं जायला तोंड नाही.

आणि काल दुपारी सुमनबाईचा निरोप आला. आधी फोटो: कोरडी, टुकटुकीत चांदी आणि तिच्या पायांत एक पिल्लू, डोक्यापासून खुरापर्यंत काळंकुट्ट, आखूड केसांचं, थेट त्या कुंपणावरच्या बोकडाचं तोंड. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात मल्लाजींची बोटं आली. बकरी पाच महिन्यांत विते, मग श्रावणात मेलेल्या बोकडाचं पिल्लू चैत्रात कसं होईल? सगळ्यांना कळलं होतं, एक मी सोडून.

फोटोखाली तिचा आवाज होता, हसून हसून फुटलेला. मी तो चार वेळा ऐकला.

"कारं झालं, मॅडम. याचे केस कोनालेच नाई पायजे. हे जगते आता."